ताईचा सपाट चमचा

कुसुमताई, माझी थोरली बहीण, गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी डब्याच्या सुट्टीआधी मुलींचे हात साबणाने धुऊन घेत होते. हा नेम तिनेच मला लावला होता. रांग संपल्यावरच मी निघाले... तिलाही तेच आवडले असते.

साठच्या दशकात, इतवारीतल्या तिच्या सासरी, तिची लेक मंगल नुकती उभी राहू लागली होती. हिवाळ्यात तिला उलट्या झाल्या, मग पाण्यासारखे जुलाब. पोटाला आराम हवा म्हणून घरच्यांनी पाणी बंद केले, अंगावरचे दूधही. त्या काळी पुष्कळ घरांत हाच उपचार मानत. संध्याकाळी दुपटी कोरडी राहू लागली. सासूबाईंनी हर्षाने देवापुढे साखर ठेवली. मंगल रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हते. टाळू खोल गेली होती, लघवी थांबली होती. सर्वांना तो उतार वाटला. वास्तविक शरीरात बाहेर टाकायला पाणीच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढे ताई एवढेच म्हणे, "साखर देवापुढे होती, मीठ फडताळात, पाणी माठात... सारं घरातच होतं गं."

विषाणूमुळे होणाऱ्या अशा जुलाबांवर नेमके औषध नसते, गेलेले पाणी भरून काढणे हाच उपाय, हे तिला डॉक्टरांकडून फार उशिरा कळले. मग वस्तीत कुणाचे मूल आजारी पडले की ती चमचा घेऊन निघे. उकळून गार केलेले लिटरभर पाणी, साखरेचे सहा चमचे, मिठाचा अर्धा. प्रत्येक चमचा बोटाने सपाट केलेला, कारण जास्त मीठ बाळाला घातक. आधी स्वतः चाखायचे; आसवांपेक्षा खारट नको. मूल सुस्तावले किंवा लघवी थांबली, तर तडक दवाखाना.

शेजारच्या जनाबाईंचा नातू आजारी पडला, तेव्हा त्या कडाडल्या, "पाणी नको देऊ वं! पोटात टिकून नाही राहिलं, अन् तू वरून ओतून राहिली?"

"माठ झिरपते म्हणून तुम्ही भरणं सोडता का?"

"मले नको शिकवू. मी सात वाढवले."

"अन् मी एक घालवली, जनाबाई."

जनाबाईंनी नातू तिच्या मांडीवर दिला. तो वाचला.

परवा मी ताईचे स्वयंपाकघर आवरत असताना जनाबाई दाराशी आल्या. धाकट्या नातीला जुलाब होत होते. "ताईचा चमचा दे, बाई."

"चमचा कोणताही चालतो, सपाट भरला की..."

"मले तोच पायजे."

माठाजवळच्या खिळ्यावरून तो काढून मी त्यांच्या घरी गेले. पाणी तयार केले, चाखले. खारट लागले. ते ओतून टाकून पुन्हा मोजून केले, पुन्हा खारटच.

"अवं, आधी डोळे पूस," जनाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातून चमचा घेतला, स्वतः चाखून पाहिले, चमचा विसळला, आणि भरून नातीच्या ओठांशी नेला.