राजासाहेबांच्या ढेरीचं गाणं

खापरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अर्ध्या बाजाराचे पासवर्ड मला पाठ, आणि भीती म्हणाल तर कुणाच्या बापाची नाही. पण या होळीला मैत्रिणीला मीच गोत्यात आणलं, हे कबूल करते.

ती डोंगरातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. होळीला फागाची गाणी स्वतः रचून म्हणते. आमच्याकडे पद्धतच अशी, की ज्याची थट्टा केली त्याच्या दारी जाऊन फाग मागायचा आणि त्याने हसत गूळ-डाळ्या द्यायच्या. यंदा तिने जुन्या संस्थानच्या राजासाहेबांना धरलं: पालखीला चार भोई, ढेरीला वेगळे दोन! हसून हसून माझं पोट दुखलं. मी व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब. राजघराण्याचा अवमान झाला म्हणे, एकगठ्ठा तक्रारी गेल्या होत्या. वर शहरातल्या कुणा भक्ताने ठाण्यात अर्ज दिला, त्यात सेविकेला कामावरून काढा असंही लिहिलं. अहो, संस्थानं जाऊन पिढ्या उलटल्या! माझं डोकंच फिरलं.

"ताई, माझं काम गेलं तर?" एवढंच ती विचारत राहिली. तिच्या घरात तेवढा एकच पगार येतो. मला स्वतःचीच चीड आली.

तिला स्कूटीवर बसवलं आणि थेट राजासाहेबांचं घर गाठलं. त्यांनी माझ्या मोबाईलवर गाणं दोनदा ऐकलं आणि भडकलेच.

"गाणं म्हटलंस आणि फाग मागायला आली नाहीस? मी काय मेलो होतो?"

चूक आमचीच होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या दारी कसं जायचं, म्हणून ती संकोचली होती. त्यांनी तिच्या पदरात गूळ-डाळ्या टाकल्या आणि आमच्यासोबत ठाण्यात आले.

हवालदार आधीच वैतागलेले. "कलम तं काही सापडी नही ऱ्हायनं. माफी लिखी द्या, विषय मिटी जाई."

राजासाहेबांनी 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलं. पण अर्ज त्यांचा नव्हताच, त्यामुळे तो काही मागे जाईना. माफी लिहून सही केली तर नोकरीला धक्का लागणार नाही, असं हवालदार म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी एवढी तोंडाळ बाई, पण तिला म्हणाले, "कर गं सही. जाऊ दे."

तिने कागद परत सरकवला.

"कामावरून काढायचं तर काढा, साहेब. आज राजाची माफी मागितली, तर पुढच्या होळीला सरपंचावर गाणं कोणत्या तोंडाने म्हणू?"

मला माझीच लाज वाटली. हवालदारांनी कोरा कागद आणि तो अर्ज, दोन्ही उचलून खणात टाकले; पुन्हा कुणी बोलावलं नाही. ती आजही त्याच अंगणवाडीत आहे, आणि सरपंच आत्तापासूनच तिच्याशी जपून बोलतो.