न ढवळलेला नमुना

आकाराम चौगुले निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांना सगळे टेस्टर अण्णाच म्हणायचे. शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं दुधातली फॅट मोजली होती. घरातसुद्धा ते आमटी अळणी झालीय असं म्हणायचे नाहीत. 'मीठ कमी लागलंय' असा निकाल द्यायचे आणि शालूबाई मुकाट वाटी उचलून न्यायच्या.

२००६ च्या उन्हाळ्यात अण्णांची लघवी अडायला लागली. रक्ताच्या तपासणीत पीएसए नावाचा आकडा चारच्या आत हवा, तो नऊ आला. डॉक्टर सोमेशनी प्रोस्टेट ग्रंथीत सुया घालून बारा तुकडे काढले. एकातही कॅन्सर निघाला नाही. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. सहा महिन्यांनी आकडा चौदावर गेला.

"आता पुण्याला जाऊन स्पेक्ट्रोस्कोपी करून या," डॉक्टर म्हणाले. "मशीन एमआरआयचंच. पण नुसता फोटो नाही, ग्रंथीच्या कुठल्या भागात कुठलं रसायन किती, तेही मोजतात. निरोगी भागात सायट्रेट भरपूर असतं. कॅन्सर असला की ते घटतं आणि कोलीन वाढतं."

"बारा तुकडे निर्मळ आलेत की. कागद खोटा हाय व्हय?"

"कागद खरा आहे, अण्णा. पण सुई जिथं गेली, तिथलंच तो सांगतो."

अण्णांनी मान वर केली. डॉक्टरांच्या मागं, वजनकाट्याशेजारी, भीमाप्पा उभा होता.

भीमाप्पा कुरुंदवाडचा, दोन म्हशींचा धनी. १९९३ सालच्या एका सकाळी त्याचा कॅन दोन तास तसाच राहिला होता. बाहेर टँकर हॉर्न मारत होता. अण्णांनी न ढवळताच नमुना घ्यायची नळी तळापर्यंत घातली.

"सायेब, ढवळा की," भीमाप्पा म्हणाला. "साय वर आलीया. तळाचं पातळच लागणार."

"मला शिकवतोस?"

फॅट कमी लागली. साय काढून दूध घालतो, असा शेरा पडला आणि संस्थेनं त्याचं दूध बंद केलं. आपली चूक अण्णांना त्याच संध्याकाळी कळली होती. पण एक कागद फाडला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? महिनाभर भीमाप्पा रोज संस्थेच्या खिडकीशी येऊन नुसता उभा राहायचा. मग म्हशी विकल्या. वर्षभरात तो गेला. कशानं, ते अण्णांनी विचारलं नाही. तेव्हापासून तो कुठंही दिसायचा, नळाच्या रांगेत, बारशाच्या पंगतीत. खिडकीशी उभा राहायचा तसाच.

अण्णा महिनाभर पुण्याला जायचं टाळत राहिले.

"अवो, मशिनीला भ्यालाय व्हय?" शालूबाई म्हणाल्या.

"भ्यालो न्हाय."

"मग मला पांढऱ्या कपाळानं बसवायचं ठरवलंय काय?"

मशीनला नव्हे, त्याच्या निकालाला ते भीत होते. बारा तुकड्यांतून निसटलेलं काही मशीनला सापडलं, तर भीमाप्पा खरा ठरत होता. नाही गेलं तर जीव जात होता.

शेवटी गेले. पुण्यात आधी पोट साफ केलं, मग मागच्या वाटेनं फुगा लावलेली तार आत सरकवली. अण्णांनी शरमेनं डोळे मिटले. "तासभर हलायचं नाही," टेक्निशियन म्हणाला. बोगद्यात खडखडाट सुरू झाला. पायाशी कोण उभं आहे हे त्यांना डोळे न उघडता कळत होतं. एरवी ते पाठ फिरवायचे. इथं ती सोय नव्हती.

कोल्हापुरात डॉक्टरांनी आलेख समोर ठेवले. "इथं सायट्रेटचं टोक उंच आहे. आणि पुढच्या अंगाला, हे बघा, ते बसलंय, कोलीन वर आलंय. आपल्या सुया मागून गेल्या, इतक्या पुढं पोचल्या नाहीत. हीसुद्धा खात्री नव्हे. परत सुई घालू, पण ह्या जागी."

त्या जागी कॅन्सर निघाला. ग्रंथीबाहेर गेलेला दिसत नव्हता, ऑपरेशन करता येणार होतं. शालूबाई पदरात तोंड घालून रडल्या, सुटल्यासारख्या. घरी आल्यावर, त्या मेथी निवडत असताना, अण्णांनी पहिल्यांदा भीमाप्पाचं सगळं सांगितलं.

"ह्ये मला कशाला सांगताय? मी दूध घालत हुते व्हय?" शालूबाईंनी मेथी बाजूला सारली. "ऑपरेशनच्या आदी जाऊन या त्या घरला. चला, मीबी येते."

कुरुंदवाडला भीमाप्पाची बायको शांतादेवी दारातच तांदूळ पाखडत होती. अण्णा उभ्यानंच बोलले. नळी, साय, टँकरचा हॉर्न, सगळं. सूप थांबलं.

"लिवलेलं खोटं हुतं?"

"व्हय."

"ह्यांनी शेवटी तुमचा कागद खरा मानला, सायेब. आदी ढवळलं असतं तर बरं, म्हणत ऱ्हायले, आन् मग माझ्याकडंच संशयानं बगाय लागले. मरताना इचारलं, साय तू काढत हुतीस काय? न्हाय म्हटलं, तर त्वांड फिरवलं."

तिनं परत सूप हलवायला सुरुवात केली. बसा म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत तिघांचा बाक रिकामा मिळाला. शालूबाई खिडकीशी बसल्या. अण्णा मधली जागा सोडून अगदी कडेला टेकले.

"सरका की इकडं. कोण बसायचं हाय मधी?"

अण्णा सरकले नाहीत.