तारेच्या टोकाकडची चौकी

"वापस सांग बरं." कोणीही काहीही सांगितलं की भाऊंचं हेच. वापस म्हणजे आमच्याकडं पुन्हा. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा चुकतो, हा त्यांचा सिद्धांत. चहात साखर टाकली म्हणणाऱ्या हॉटेलवाल्यालाही ते सोडत नसत.

अहेरीला जंगल खात्यात ते वायरलेस ऑपरेटर होते, मी कारकून. अंगणात दोन खांबांवर ताणलेली तांब्याची तार, हा त्यांचा एरियल. नुसत्या तारेतून बोलणं बाहेर कसं पडतं, असं मी एकदा विचारलं.

"तलावात हात हालवला का लाटा निंगते ना? तशी तारेत वीज मागंपुढं धावते अन् लाटा सुटते. तारेच्या अंगातून लय, टोकाकून कमी." मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "चिठ्ठी एकाच्या हाती देता येते. हे सगळ्याईलेच आयकू येते."

त्यांचा संशय होता आरागिरणीच्या मालकावर. त्याच्याकडं मोठा रेडिओ होता, आणि आमची माणसं पोचायच्या आत चोरीचं सागवान गायब व्हायचं. तुम्हीही तोच अर्थ काढला असता. भाऊंनी मात्र तारच फिरवली, टोक बरोबर गिरणीकडं. "आता आयक म्हणा लेका!"

गिरणीच्याच रोखानं, पुढं नाल्याकाठी, आमची चौकी होती. तिथं एक तरुण वनरक्षक बायको-लेकरासह राहायचा. दुसऱ्याच दिवशी खरखरीतून तो ओरडू लागला, "भाऊ, तुमचा आवाज लय बारीक येते."

"वापस सांग बरं." त्यानं तेच सांगितलं. सेट बंद करून भाऊ माझ्याकडं वळले. "गिरणीवाल्यानं फोडला याले. आयकू येते, पण काम नाई कराचं." तार त्यांनीच फिरवली होती, पण संशयानं डोळ्यांना झापडं लावली होती.

पावसाळ्यात एका दुपारी वरचा तलाव फुटल्याची खबर आली. पाणी नाल्यानं थेट चौकीवर जाणार होतं. भाऊ माईकमध्ये ओरडत होते, "निंग तिथून! लेकरू घेऊन निंग!" पलीकडून नुसतं "काय? काय म्हनता?" येत होतं. भाऊंनी एकदम माईक टाकला. भर पावसात खांबावर चढले, तारेचं टोक सोडलं आणि ओढत नेऊन बाजूच्या मोहाच्या झाडाला बांधलं. हात सोलून निघाले होते. पुन्हा बोलले तेव्हा उत्तर आलं, "आयकलं भाऊ, निंगलो!"

चौकी वाहून गेली. माणसं टेकडीवर वाचली. निरोप आला तेव्हा भाऊ खुर्चीत बसून गदगदून रडले. "पोरगा खरं बोलून राह्यला होता, अन् मी त्याले चोर म्हटलं."

तार मोहालाच बांधलेली राहिली. गिरणीवाला ऐकत होता की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढं भाऊंची सावली गावाला बदली झाली. सामान बसच्या टपावर चढलं होतं, तरी ते सेटपाशी येऊन बसले आणि नव्यानं बांधलेल्या चौकीवरच्या त्याच वनरक्षकाला हाक मारली.

"आवाज कसा येते, बापू?"

"खणखणीत, भाऊ."

"वापस सांग बरं."

"खणखणीत येते, भाऊ!"

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. भाऊंनी डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं.