हाजीआगाला न जाणवणारे धक्के

हाजी नुसरतुल्ला म्हणजे माझ्या बहिणीचा, तूबाचा, नवरा. पिस्त्याची बाग, मशिदीत पहिल्या रांगेत जागा, आणि तोंड उघडलं की दुसऱ्यांच्या ईमानाची मापं काढायची. एवढा आळशी माणूस इराणातल्या आमच्या रावरच्या वाळवंटाने दुसरा पोसला नसेल.

त्या उन्हाळ्यात जमीन रोज थरथरत होती. मोठं काही नाही. फडताळातले पेले किणकिणायचे, छताची माती गळायची, कोंबड्या ओरडायच्या. आमच्याकडे ते नवीन नाही. पण धक्का जाणवला की त्याची वेगळी नमाज पढावी लागते आणि तीत दहा वेळा कमरेत वाकावं लागतं. प्रत्येक धक्क्याची वेगळी! आम्ही बाया कुरकुरत का होईना, पढत होतो. हाजीने सोपी वाट काढली. त्याला धक्का जाणवायचाच नाही.

"कसला भूकंप? बायकांना चक्कर आली की लगेच जमीन हलते," दातात साखरेचा खडा धरून, चहाचा घोट घेत तो म्हणायचा.

गल्लीतल्या गाढवांना ती त्याची हिंमत वाटली. "हाजीआगा घरात झोपतात, मग आपण कशाला भ्यायचं?" म्हणत त्यांनी अंगणात घातलेल्या गाद्या परत आत नेल्या. आळसाला इतका मान मिळालेला मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्याची सून फरंगीस नुकतीच बाळंत झाली होती. नवरा ट्रक घेऊन बंदराकडे गेलेला. तिच्या खोलीच्या घुमटाला तडा गेला होता. मला, म्हणजे नवऱ्याच्या मावशीला, म्हणाली, "खाला, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मला अंगणात झोपू द्या म्हणावं. बाळाच्या तोंडावर माती पडते हो."

मी तडक गेले. "हाजीआगा, त्या तड्यात माझं बोट जातंय."

"मग घालू नकोस," तो म्हणाला. "बाळंतीण चाळीस दिवस खोलीतच राहते. आणि माझ्या घरातली गादी अंगणात दिसली तर लोक काय म्हणतील? हाजी घाबरला?"

तूबा मान खाली घालून त्याचा चहाचा पेला पुन्हा भरत होती. मला तिचाही संताप आला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, आम्ही दोघी बहिणी अंगणात जर्दाळू वाळत घालत होतो. हाजी जेवून आत घोरत होता. तेवढ्यात जमिनीने जोरात हिसका दिला. आणि पहिला बाहेर कोण यावा? हाजी! अनवाणी, टोपी विसरून, ढुंगणाला पाय लावून पळत. वाटेत फरंगीसच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याने आत पाहिलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याने आत पाहिलं आणि तो पळाला.

पाठोपाठ धुळीचा लोट बाहेर आला. तूबा किंचाळत दाराकडे धावली, मीही धावले. तोवर फरंगीस स्वतःच बाहेर आली. केस मातीने पांढरे झालेले, बाळ छातीशी घट्ट धरलेलं. घुमटाचा ढेकळाएवढा नव्हे, चांगला पाट्याएवढा तुकडा तिच्या उशीवर पडला होता. बाळ रडायला लागलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

गल्ली जमली तसा हाजी सावरला. दोन्ही हात पुढे करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं लाडात म्हणाला, "आण, माझ्या नातवाला दे माझ्याकडे."

सासऱ्यापुढे कधी मान वर न करणारी ती पोर जागची हलली नाही.

"नको हाजीआगा," ती म्हणाली. "बाहेर येताना रिकामेच आणलेत ना हात, आता तसेच राहू द्या."