पाच तासांचा कौल

ट्रंपेटचा रियाज रोज किती वेळ करावा, हे जगात सगळीकडे वाजवणारा ठरवतो. आमच्या वाडीत ते देवाला ठरवावं लागलं, आणि त्यात घोटाळा माझाच होता.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. सावंतवाडीच्या एका लग्नाच्या बॅण्डात मी दुसरा ट्रंपेट वाजवायचो. दुसरा म्हणजे, पहिला दम घ्यायला थांबला की मधली भोकं बुजवणारा. त्या वर्षी पहिल्याचे पुढचे दात पडले. दात नसलेल्या माणसाने ट्रंपेट तोंडाला लावला की सुराऐवजी चहाच्या किटलीसारखी वाफ निघते. जागा रिकामी झाली, आणि तिच्यावर डोळा दोघांचा : माझा आणि धामापूरच्या माझ्या मावसभावाचा. आमचे बॅण्डमास्तर आपण संस्थानच्या बॅण्डात होतो असं सांगायचे आणि पुरावा म्हणून मिशा दाखवायचे. त्यांनी दिवाळीनंतर परीक्षा ठेवली आणि दोघांनाही बजावलं, रोज चार तास वाजवा, नाहीतर जन्मभर दुसरेच राहाल.

मला जन्मभर भोकं बुजवायची नव्हती. मी चार तास सुरू केले. बढाई मारत नाही, पण मी लांब सूर धरला की माडावरची शहाळी आपणहून खाली यायची आणि इन्सुलीच्या हद्दीपलीकडे पोर्तुगीज शिपाई बंदुका भरून उभे राहायचे. वाडीला मात्र संगीताचा कान नव्हता. आमच्या शेजारच्याच घरात वाडीचे मानकरी राहायचे, देवळातला पहिला मान त्यांचा. त्यांनी तीन दिवस कानात कापूस घातला. चौथ्या दिवशी कापूस काढून फेकला आणि मला देवळात बोलावलं.

आमच्याकडे बांध सरकला, म्हैस हरवली, सोयरीक अडली की कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी पडेल ती पाकळी म्हणजे देवाचा शब्द. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं : "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो झील पयल्या ट्रंपेटाच्या जागेसाठी सकाळपासून कोकलता. त्या जागेक एक तास पुरो आसात तर उजवो कौल दी, चार तास व्हये आसतीत तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. इतक्या जोरात वाडी कधी एकदिलाने बोलल्याचं मला आठवत नाही.

पाकळ्या काही पडेनात. दुपार कलली. लोक बसल्या बसल्या पेंगायला लागले, गुरव खांबाला टेकून घोरायला लागला. त्याला उजवी पाकळी लवकर पडावी म्हणून कोणी दोन नारळ कबूल केले होते अशी वदंता होती, मी पाहिलेलं नाही. मी मात्र डाव्या पाकळीवर नजर लावून ओठ आवळले, पोटातून दम घेतला आणि बारीक, सुईसारखी फुंकर सोडली. चार हातांवरून. वाजवणाऱ्याच्या फुंकरीत काय ताकद असते ती त्या दिवशी मला कळली. डावी पाकळी पडली. तिच्या वाऱ्याने उजवीही पडली.

गुरव दचकून जागा झाला आणि दोन्ही पाकळ्यांकडे बघत राहिला. आधी कुठली पडली ते कोणी पाहिलं नव्हतं, आणि दोन्ही पडलेल्या त्याच्या बापानेही पाहिल्या नव्हत्या. शेवटी त्याने निर्णय दिला. देवाने दोन्ही दिले. एक आणि चार, पाच तास.

आता देवाचा शब्द मोडायचा कोणी? मी खरं सांगितलं असतं तर वाडीने मला मोडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मानकरी कानात नवा कापूस घालून, मुंबईच्या मुलाने पाठवलेलं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसायला लागले. मी मिनिटभर थांबलो की ते काटा दाखवायचे. तिसऱ्या दिवशी माझा ओठ फुटला. आठव्या दिवशी तो काजूच्या बोंडाएवढा झाला, रंगही तोच. आई रोज मुठेल लावायची, म्हणजे कोकमाचं तेल, आणि मी त्यावर पुन्हा माऊथपीस दाबायचो. ट्रंपेट माझ्या हातून घसरायचा, मानकऱ्यांची मांडी हलायची नाही.

परीक्षेला मी उभा राहिलो आणि फुंकलं. वाफ निघाली. दातवाल्याची वाफ बॅण्डने प्रथमच ऐकली. मावसभाऊ सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास वाजवायचा आणि मधला दिवस तळ्यावर गळ टाकून बसायचा. तो लोण्यासारखा वाजला.

मी मास्तरांना चिडून विचारलं, चार तासांचं तुम्हीच सांगितलं होतं ना?

"अरे, चार सांगलंय तर तुमी पोरां अर्धो करतास," मास्तर मिशीला पीळ देत म्हणाले. "अर्धो सांगलंय तर कायच करणास नाय. तुझो देव घड्याळ घेवन बसतलो ह्या माका काय म्हायत?"

जागा गेली. माझ्या हातात झांजा आल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच मानकरी घड्याळासकट खळ्यात हजर. मी सुजल्या ओठाने त्यांना सांगितलं, कौल मला नव्हता, पहिल्या ट्रंपेटाच्या जागेला होता, आणि ती जागा काल धामापूरला गेली.

हे त्यांना पटलं. त्यांनी घड्याळाला चावी दिली, छत्री घेतली आणि धामापूरला मावसभावाचं घर नेमकं खंय आसा, ते विचारलं. मी त्यांना घराच्या दारापर्यंतची खूण सांगितली, आणि तो पहाटे लवकर उठतो हेही.