दुपारची हजेरी

डावा हात कानामागे, उजव्या हातात पेन्सिल आणि नजर मस्टरवर. हजेरीमास्तर नावं पुकारत ती अशी. वर बघायचे नाहीत. समोरून "आसंय" असा आवाज आला की खूण करायची आणि पुढच्या नावाला हात घालायचा.

"तोंडं बघून हजेरी घेतली की ओळखपाळख आड येते," ते मला म्हणत. "आवाज बरा. त्याला कोण आपलं नि कोण परकं."

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट. आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी खाडीजवळच्या टेकाडात काळ्या दगडाची खाण चालू होती. मी तिथे मोजणी कारकून. मास्तर मूळचे आरोंद्याचे, पन्नाशी उलटलेले, आचऱ्यात एका खोलीत एकटेच राहायचे. कुणी किती तास राबलं ते पाव, अर्धा, पाऊण दिवसात बसवणं हे त्यांचं काम. तान्ह्या पोराला पाजायला घरी जाणाऱ्या बायकांचा वेळ ते कधी कापत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "पाजणं म्हणजे काय झोप काढणं आहे?"

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. जेवणानंतर सुरुंग उडवायचे. त्याआधी सगळ्यांना सातवणाच्या झाडाखाली आणून हजेरी व्हायची, मग मास्तर डोकी मोजायचे. "आवाज आणि डोकी जुळली पाहिजेत," ते म्हणत. जुळली की लाल निशाण, आणि मगच वातीला काडी.

त्या दुपारी वारा अगदी पडला होता. पानसुद्धा हलत नव्हतं. मी मास्तरांच्या शेजारीच उभा होतो. नावं चालली होती. "सगुणा," त्यांनी पुकारलं, थोडं थांबले, खूण केली आणि पुढे गेले.

मग डोकी मोजली. एक कमी.

"सगुणा खंय?" त्यांनी विचारलं.

"जेवूक घरी गेली ती येवकच नाय," एक बाई म्हणाली.

"आत्ता हजेरी दिली तिने. खालून, कड्याखालून आवाज आला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "आमी नाय आयकलाव, मास्तरानू." मीही काही ऐकलं नव्हतं. मुकादम हसला. "कोणीतरी मस्करी केली आसतली. चला, वात पेटवूया."

मास्तरांनी मस्टर माझ्या हातात दिलं आणि ते उतरणीला लागले. सुरुंग भरलेल्या कड्यावर जाऊन, धोतर सावरून, शांतपणे खाली बसले.

"आता पेटव," ते वर ओरडले.

सुरुंगवाल्याने हातातली काडीपेटी खिशात टाकली. शिव्या घालत मुकादम चार माणसं घेऊन कड्याखाली गेला. तिथे, खाडीकडून येणाऱ्या पायवाटेवरच्या एका खोबणीत, सगुणेची सासू भिंतीला टेकून झोपली होती. म्हातारी ठार बहिरी. सुनेला ताप भरला म्हणून तसं सांगायला निघालेली. उन्हाने दम लागला, सावली बघून टेकली आणि डोळा लागला. तिला हलवून वर आणली तेव्हा कुणी काय विचारतंय ते तिला खुणांनीच समजवावं लागलं.

"मी खंय बोललंय? माझो डोळो लागलो हुतो," एवढंच ती म्हणत राहिली.

मास्तर आणि मी सगुणेच्या घरी गेलो. ती वाकळेखाली निपचित पडली होती. उशाशी शेजारीण बसली होती. तापात काही बडबडली का, असं मी विचारलं.

"नाय ओ. गप पडान हा," शेजारीण म्हणाली. "मगाशी एकदाच बोलली. 'आसंय' म्हणान वराडली. कोणी हाक मारूक नाय, काय नाय. माझ्या आंगावर काटो इलो."

मास्तरांनी माझा दंड धरला.

ओव्हरसियरने दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगुणेचा अर्धा दिवस कापा, ती कामावर नव्हती. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, त्या वेळात तिने जे केलं ते काम नव्हे काय?" ओव्हरसियर सही करून निघून गेला.

सगुणा बरी झाली. तिला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. ज्या सासूशी तिचं पटत नसे, तीच म्हातारी आता तिच्यासाठी पेजेचं भांडं घेऊन खाणीवर येऊ लागली.

मास्तर मात्र बदलले. आता ते प्रत्येक नावाला मान वर करत. आवाज आला तरी तोंड दिसेपर्यंत पेन्सिल टेकवत नसत. हजेरीला दुप्पट वेळ लागू लागला. मुकादम कुरकुरला, पण बायका मुकाट उभ्या राहत.

एका संध्याकाळी शेवटचं नाव झालं, माणसं घरच्या वाटेला लागली, तरी मास्तर तसेच उभे. मी म्हटलं, "चला, यादी संपली."

"यादी संपली," ते म्हणाले. "तरी कोणीतरी 'आसंय' म्हणालं."

"कोण?"

माझ्याशी कधीच मालवणीत न बोलणारे मास्तर म्हणाले, "मी नाव घेतलंय नाय तिचा. आवशीचो आवाज तो. आरोंद्याक आसा ती." मस्टर माझ्या काखेत खुपसून ते तिथूनच निघाले. खोलीवरसुद्धा गेले नाहीत.

आई त्यांना भेटली, असं मागाहून कळलं. बरेच दिवस आजारी होती, मुलाला कळवू नका म्हणून शेजाऱ्यांना बजावत होती. त्यांच्या मांडीवरच गेली. त्यानंतर मास्तर आमच्याकडे परतले नाहीत. त्यांच्या जागी नवा माणूस आला. त्याने पत्र्याचे बिल्ले आणले. आल्यावर फळीवर टांगायचे, जाताना काढायचे. नावं पुकारणं बंद झालं.

बिल्ले सुरू झाल्यावरचा पहिलाच सुरुंग. निशाण वर झालं. सुरुंगवाल्याने काडी ओढली, पण वातीला लावेना. ती बोटापर्यंत जळत आली तशी त्याने फेकून दिली. नवा माणूस ओरडला, "थांबलास कशाला?"

सगुणेने पदर खोचला. ती एकटी कड्याखाली उतरली, खोबणीत वाकून बघितलं, पायवाटेवर पार खाडीपर्यंत नजर टाकली आणि सावकाश वर आली. तेव्हा सुरुंगवाल्याने दुसरी काडी ओढली.