हात सांगेल ते खरं

गॅरेजात त्यांना सगळे नाडीमिस्त्री म्हणत. नाव गमतीने पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. बॉनेट उघडलं की ते आधी इंजिनाकडे बघतसुद्धा नसत. रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड रबरी नळीवर उजवा तळवा टेकवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं, "ऐंशी... ब्याऐंशी." तेवढ्यात कुणीतरी मीटर लावून बघायचा. मीटर एक्क्याऐंशी दाखवायचं. मग काय विचारता! मिस्त्री अशा वेळी बोलत काही नसत, नुसते फडक्याने हात पुसत उभे राहत. पण असे, की तो हात चार माणसांना दिसावा.

चौतीस वर्षं त्यांनी याच हातावर नाव कमावलं. काटा लाल रेघेला भिडला म्हणून घाम फुटलेली किती माणसं त्यांच्याकडे आली, त्याची मोजदाद नाही. दुसरीकडे कुणीतरी अख्खं इंजिन खोलायला सांगितलेलं असायचं. मिस्त्री नळीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "इंजिन कोमट आहे. सेन्सर खोटं बोलतोय." सेन्सर म्हणजे बोटाएवढी वस्तू. इंजिनाच्या पाण्यात डोकं बुडवून बसायचं आणि पाणी किती तापलंय ते काट्याला कळवायचं, एवढंच त्याचं काम. तो बिघडला की थंड इंजिनालाही ताप चढवतो. नवा बसवला की काटा मुकाट खाली. "काटा खोटं बोलेल, हात बोलणार नाही," हे मिस्त्रींचं पालुपद होतं. घरीही तेच. मुलगी लहानपणी आजारी पडली की कपाळावर हात ठेवून ताप सांगायचे आणि थर्मामीटर लावू द्यायचे नाहीत. बायको करवादायची, "अहो, पोरगी आहे ती, गाडी नाही!"

या हाताने दगा दिला. एका दिवसात नाही दिला. साखरेचा आजार जुना, गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरल्या. आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा मिस्त्रींना वाटलं, बरं झालं. बरं कसलं, कप्पाळ! मुंग्यांबरोबर सगळंच गेलं होतं. शर्टाचं बटण चिमटीत आलंय की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागायचं. दीड वर्ष त्यांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. गॅरेजात हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आकडा द्यायचे ठोकून. इंजिनाचा आवाज कसा, वास कसला, गिऱ्हाईक काय बोललं, त्यावरून अंदाज. बहुतेक वेळा बरोबरही यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, इथे तर मूठच झाकायची होती.

आणि अशात मुलगी तिची गाडी घेऊन आली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचं तिचं काम, गाडीशिवाय पान हलायचं नाही. गर्दीत अडकली की काटा चढायचा, मोकळ्या रस्त्याला लागली की उतरायचा. जावई म्हणाला होता, "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टाक. बाबांचं आता वय झालं." त्यावर ती उसळली होती, "माझ्या बाबांच्या हाताला कळत नाही ते तुमच्या कॉम्प्युटरला काय डोंबल कळणार?" त्यापायी नवराबायकोत दोन दिवस अबोला. हे सगळं तिने गॅरेजच्या दारात उभं राहून, हसत हसत बापाला सांगितलं. आता बोला! त्या बापाने काय करावं?

खरं बोलावं. पण ते बोलायला दीड वर्ष उशीर झाला होता.

मिस्त्रींनी तळवा टेकवला. हाताखाली नळी आहे की भिंत आहे, काही कळेना. मुलगी शेजारीच उभी, त्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा थोडे जास्तच वेळ. काटा चढतो आणि उतरतो म्हणजे सेन्सरचीच लक्षणं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"कोमट आहे," ते म्हणाले. "सेन्सर गेलाय. नवा मागवतो, आठवडा लागेल. तोवर खुशाल चालव. काट्याकडे बघूच नकोस."

"बघा, मी सांगत नव्हते?" मुलीने तिथूनच नवऱ्याला फोन लावून ऐकवलं. तिचा तो आवाज ऐकून मिस्त्रींना बरं वाटलं. कशाला खोटं बोला, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांना तळव्यावर टपोरा फोड दिसला. आदल्या दिवशी त्या नळीखेरीज गरम कशालाच हात लागला नव्हता. म्हणजे नळी चांगलीच तापलेली होती. सेन्सर खरं बोलत होता. त्यांनी फोन उचलला. सांगायचं काय? मुलीला सांगायचं म्हणजे जावयाला कळणार, जावयाकडून गॅरेजात येणार, आणि मालक दुसऱ्याच दिवशी म्हणणार, मिस्त्री, आता तुम्ही नुसते खुर्चीत बसा. दुपारी सांगू, असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

दोन वाजता पुलावर गाडी बंद पडली. वाफेचे लोट निघाले, तापून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं. मुलगी काट्याकडे बघत नव्हती. बापानेच सांगितलं होतं ना!

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजात आणली. जावईही आला. आवाज चढवला नाही, तेवढी रीत होती त्याच्याकडे. "बाबा, तो सेन्सर तुम्हीच तपासा," तो म्हणाला. "खराब निघाला तर मी कान धरून माफी मागतो."

मिस्त्रींनी सेन्सर काढला, मीटरच्या तारा जोडल्या आणि पातेल्यातल्या पाण्यात त्याचं तोंड बुडवून खाली शेगडी पेटवली. सोबत थर्मामीटर सोडला. सेन्सर धड असेल तर पाणी तापेल तसा त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो आणि मीटरवरचा आकडा उतरत जातो. उडी नाही, अडखळणं नाही. एखादी वस्तू बिघडलेली निघावी म्हणून त्यांनी जन्मात देवाचा धावा केला नव्हता. त्या दिवशी केला. अडीच हजार. बाराशे. सहाशे. तीनशे. आकडा कसा अगदी शिस्तीत उतरला.

"ठणठणीत आहे," जावई म्हणाला. मग त्याने वाकून रेडिएटरमागचा पंखा बोटाने ढकलून पाहिला. पंखा हलेना. "पंखाच जाम झालाय, बाबा. सेन्सर बिचारा बोंब मारत होता." एवढं बोलून तो मालकाशी बोलायला बाहेर गेला.

पाणी खळाखळा उकळत होतं. मिस्त्रींनी पातेलं उजव्या हाताने धरून शेगडीवरून उचललं आणि ते तसंच धरून उभे राहिले. कुठे ठेवायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"बाबा! सोडा ते!" मुलीने पातेलं हिसकावलं, तशी तिच्याच बोटांना चटका बसला. पातेलं खणखणत फरशीवर पडलं. तिने बोटं झटकली, तोंडाने फुंकर घातली आणि बापाकडे पाहिलं. बाप आपल्या लालबुंद तळव्याकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तिने तो तळवा ओढून घेतला. मधोमध आधीचा फोड होता, सुकत आलेला.

"हा कधीचा?"

मिस्त्रींनी हात मागे ओढून पाहिला.

"मी विचारतेय, बाबा. गाडी दाखवायला आणली, तेव्हाचा ना?"

"काल सकाळी दिसला."

"सकाळी?" तिने मनात हिशेब केला. "गाडी दोनला बंद पडली."

"या हाताला काही कळत नाही गं," मिस्त्री म्हणाले. "दीड वर्ष झालं."

आता ही ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली.

"मी तुमच्या शेजारीच उभी होते. मला हात नव्हता का? म्हणायचं होतंत, तू ठेव गं, सांग किती गरम लागतंय. मी कुणाला सांगितलं असतं का?"

तिने त्यांचा हात सोडला, टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची, हे नवऱ्याला सांगायला बाहेर गेली.